पाय

आमच्या कोर्लईत बापाला पाय म्हणतात.
किल्ल्याखालच्या एका वाडीची बोली,
खाडी ओलांडून रेवदंड्याला गेली की कुणाला कळत नाही.

चौथीत निबंध होता, माझे वडील.
मी लिहिलं : माझे पाय पहाटे तीनला उठतात.
माझे पाय कमी बोलतात.
माझे पाय रविवारी इस्त्रीचा शर्ट घालतात.
बाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या,
मग लाल पेनाने शेजारी लिहिलं, शब्द तपास.

मी अजून तपासतेच आहे.

पायांचं नाव इनास. होडी दुसऱ्याची, जाळं अर्धं आपलं.
तळवे कालवांनी चिरलेले,
डाव्या घोट्यावर पाकटाच्या काट्याची खूण,
टाचांच्या भेगांत मीठ, इतकं जुनं
की पावसाळाभर घरी बसूनही निघायचं नाही.

त्या वर्षी पवित्र गुरुवारी पाय धुवायच्या बारा जणांत
फादरांनी त्यांचं नाव घातलं.
आदल्या रात्री ते विहिरीवर वजरीने टाचा घासत बसले.
नवरी बसलीय न्हायला, आई म्हणाली.
ते हसले नाहीत.

रविवारी, हातात झावळी घेऊन मिस्सेहून परतताना,
धक्क्यावर चार माणसांत
त्यांनी आंद्रूच्या कानाखाली वाजवली होती.
डिझेलचे पैसे.
ते आंद्रूने घेतलेच नव्हते, हे सोमवारी कळलं.
मंगळवार गेला. बुधवार गेला.
घरात फक्त भांडी बोलत होती.

देवळात फादर वाकले, तांब्याने पाणी ओतलं.
पायांनी पाय मागे घेतला, मग हळूच पुढे केला.
बायकांच्या बाकावरून मला दिसत होती
त्यांची हनुवटी,
वादळात वल्हं न सोडणाऱ्या माणसाची,
थरथरत.

घरी येऊन ते जेवले नाहीत.
मासळी धुवायचं घमेलं राखेने तीनदा घासलं
आणि मागल्या पायरीशी गेले, जिथे आंद्रू
काळोखाकडे तोंड करून बसला होता.
गुडघे टेकले. म्हणाले,
माझं चुकलं रे पोरा.

आमच्या आळीत कुठल्याच बाप्याच्या तोंडून
हे वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

आंद्रूने पाय झटकला. घमेलं उपडं झालं.
पाणी कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेलं.
ते उठले, विहिरीवर गेले, भरून आणलं.
त्याने पुन्हा लाथाडलं.
तिसऱ्यांदा रहाट वाजला
तेव्हा आईने मला आत ओढून दार लावलं.

पुढचं मला माहीत नाही.
आंद्रू जूनमध्ये मस्कतला गेला
आणि मी कधी विचारलं नाही.

पुढे लग्न झालं, प्रवचनं पुष्कळ ऐकली.
बाप म्हणजे घराचं मस्तक, सांगतात.
असेल.
आमच्या घरात मस्तकाचं नाव पाय होतं.
आणि हे आमच्या स्वर्गातील बापा, म्हणायला
मी डोळे मिटते
तेव्हा सिंहासन काही केल्या दिसत नाही.
रहाट ऐकू येतो.

आता साखरेने त्यांचं एक बोट नेलंय.
मी महिन्यातून दोनदा माहेरी जाते,
पट्टी बदलते, नखं काढते.
ते लाजून छताकडे बघत राहतात.

शुक्रवारी आंद्रूचा फोन येतो.
पाय कसे आहेत?
तो नेमकं काय विचारतोय, दर वेळी मी घोटाळते.
बरे आहेत, म्हणते. जखम भरतेय. रोज धुते मी.

पलीकडे तो जरा थांबतो.
पाणी कोमट घे, म्हणतो,
विहिरीचं नको.
रात्रीचं फार गार लागतं ते.