कोंडलेला उंट

चौथ्या फेरीचे डाव लागले तेव्हा
अशोक चौकामागच्या आमच्या शेडमधे
सहापैकी चार लूम चालू होते.
तिकडे कुठल्याशा समुद्राकाठच्या गावात दुपार,
खेळाडूंच्या पायाखाली गालिचा.
इकडे माझ्या मोबाईलवर कापसाचं तूस,
बाहीनं पुसलं की पट दिसतो.

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं.
काळ्यानं, एकोणीस वर्षांच्या पोरानं,
एकच घर.
फ्रेंच बचाव.
माझाच.

यात पहिल्या दोन-तीन चालींतच
आपलीच प्यादी आपल्या उंटाची वाट अडवतात.
पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट
वजिराशेजारी बसून राहतो
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.

मल्लेशम म्हणायचा, हे शिकू नको बे,
कारो-कान घे. तीच मजबुती,
पण दार लावायच्या आधी उंट बाहेर काढता येतो.
एक डागी चादर होती आमची, तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची,
तिच्यातली आठ बाय आठ घरं त्यानं
काळ्या दोऱ्यानं शिवून वेगळी केलेली.
बाजूला कडक भाकरी, शेंगाचटणी,
हत्तीच्या डोक्याला कायम तेलाचं बोट.

त्याचं खरंच होतं.
टॉवेलचा भाव पडायच्या आत
तो भिवंडीला गेला, बायकोपोरांसकट.
चादर माझ्याकडे राहिली.
मीही.

तेराव्या चालीला पोरगा थांबला.
दहा मिनिटं. वीस.
तीन नंबरवर तार तुटली, जोडली.
धोट्यात कांडी घातली.
पस्तीस.
अनसूयाचा फोन आला: जेवण झाकून ठेवलंय,
आणि पुढे तेलुगूत जे म्हणाली
ते मराठीत सांगण्यासारखं नाही.
कामगारांची उचल लिहितो त्या वहीत
मी माझी चाल लिहून टाकली,
हत्तीपुढचं प्यादं, दोन घरं.

त्यानं उंट उचलला.
एक घर सरकवला. पुढच्या चालीला परत मागे,
किल्ल्यात जाताना राजानं सोडलेल्या घरात.
अरे, मागे काय नेतोस, मी मोठ्यानं म्हणालो,
लूमच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.
मग तिथून, स्वतःच्याच प्याद्यांच्या पाठीमागून
तिरका,
पटाच्या पार दुसऱ्या कडेला
उघड्यावर.

माझ्या प्याद्याचं कुणी नाव काढलं नाही.
नसेल चांगली चाल.

मल्लेशमला फोन लावला.
पलीकडे त्याचे लूम, अलीकडे माझे,
मधे चारशे किलोमीटर खडखड.
"निघाला बे! उंट निघाला!"
"काय? निघालास?"
"उंट, उंट!"
"ये की! कुठल्या गाडीनं? कल्याणला उतर,
पोराला पाठवतो घ्यायला."

मी लगेच काही बोललो नाही.
तीन नंबर पुन्हा बंद पडला होता.
डाव बरोबरीत सुटला
हे सकाळी कळलं.