फक्त डेटा

हॉटेल जर्मनीत, कारखाना स्वित्झर्लंडात,
मध्ये बसची वीस मिनिटं.
उद्यमबागेतल्या आमच्या साहेबांनी हे सांगितलं
जणू मोठी गंमतच.
मी हसले नाही.
मी बाचीची.
आमच्या टपरीचा कट्टा कर्नाटकात,
आणि कट्ट्यावरचं गिऱ्हाईक
चूळ भरायला चार पावलं गेलं
की शिनोळी, महाराष्ट्र.

रात्री प्लॅन बघायला बसले.
एक जीबी सात दिवस, तीन जीबी पंधरा, पाच जीबी तीस.
एक अमर्याद म्हणणारा,
त्याच्या पायाशी बारीक अक्षरात:
रोज दोन जीबीनंतर वेग कमी.
बारीक बघणं हा माझा धंदाच,
सोळा वर्षं पंपाच्या स्पूलचा व्यास मोजतेय,
दोन मायक्रॉन जास्त, तर परत.
सगळ्यांत स्वस्त प्लॅनमध्ये देश तेहेतीस.
यादी बोटानं खाली ओढली,
पुन्हा वर नेली, पुन्हा खाली.
स्वित्झर्लंड नाही.
म्हणजे हॉटेलात नकाशा उघडणार
आणि कारखान्याच्या दारात फोन मुका.

आप्पांच्या पहिल्या फोनचं असंच होतं.
शिनोळीचा टॉवर त्याला ओढून घ्यायचा,
उंबऱ्यात बसून उचलला तरी रोमिंग,
आलेल्या फोनालाही पैसे.
म्हणून आप्पा टपरीमागच्या चिंचेखाली जायचे,
दगडावर डावा पाय, मान वाकडी,
तिथंच तेवढा बेळगावचा टॉवर लागे.
बोलायचे असे मोठ्यानं
की फोन नसता तरी चाललं असतं.
पण बोलायचे कमीच. रिंगा द्यायचे.
एक रिंग: चंदगड गाडी गेली.
दोन: दूध संपलं, येताना आण.
तीन: असशील तिथून घरी.
आयटीआयच्या वर्कशॉपात, लेथच्या आवाजात,
मी खिशातली थरथर मोजायची.

खडेबाजारात इम्तियाज म्हणाला,
"चिप नाही काय नाही, ताई, सगळं आतच.
खरं फोन घेतो काय बघा आधी.
क्यूआर दुसऱ्या फोनवर ठेवा, ह्यानं ओढा.
घरीच वायफायवर घालून सोडा,
तिथं उतरून करायला गेलासा तर
वायफाय शोधत बसालासा.
आणि पुसू नका की! पुसलासा तर गेलं."

फॉर्मनं विचारलं, कुठं जाणार?
कुठली, ते विचारलं नाही.
माझ्या पासपोर्टवर अजून बेळगाम आहे,
कंपनीच्या पत्रावर बेळगावी,
तोंडात बेळगाव.
मी उत्तर तयार ठेवून बसले होते उगाच.

"तुझा नंबर काय असेल तिकडं?" आप्पांनी विचारलं.
"नंबर नाही, आप्पा. फक्त डेटा."
"नंबर नाही तर त्याला सिम कशाला म्हणायचं?"
मग चहाची गाळणी झटकत,
"आणि सिम कुठलं? हिकडचं की तिकडचं?"
बारीक अक्षरात बघून सांगितलं, सिंगापूरचं.
"मग बरं," आप्पा म्हणाले,
आणि का बरं, ते सांगितलं नाही.

चारशे दहा रुपये जास्त पडले.
पाच जीबी, तीस दिवस, छत्तीस देश.
बाचीच्या बाईनं सीमेला पैसे वाचवायचे नसतात.
जुनं सिम राहील जागं, त्याचा डेटा बंद,
बँकेच्या ओटीपीसाठी
आणि आप्पांच्या रिंगांसाठी.
न उचललेल्या रिंगेला तिकडंही पैसे पडत नाहीत,
हे मी त्यांना तीनदा समजावलं.
"बघू तर," म्हणून आप्पा उठले,
आता कुठंही रेंज आहे,
तरी चपला घालून चिंचेखाली गेले,
डावा पाय दगडावर.

मी क्यूआरवर फोन धरला.
पडद्यावर गोल फिरायला लागला,
कृपया थांबा, फोन बंद करू नका,
आणि त्या गोलावरच आप्पांचं नाव उमटलं.
एक रिंग.
दोन.
तिसरीची मी वाट बघितली.

नाही आली.
गोल फिरतच होता.
फोन तसाच कट्ट्यावर ठेवला,
खुंटीवरची किटली घेतली
आणि दूध आणायला शिनोळीला गेले.