तोल

आधी पाण्याचा एक घोट.
मग थांबायचं.
मार्केट यार्डात सौदा सुरू झालाय, हाळी उठतेय,
आणि मी आडतीच्या पायरीवर बसून
औषधाच्या टोपणातनं पाणी पितोय.
लांबून बघणाऱ्याला वाटावं,
सकाळी सकाळीच सुरू झाला हा.

मगदूम मॅडमनी कागद लिहून दिलाय :
घास अंगठ्याच्या नखाएवढा, तीस वेळा चावायचा.
जेवण आणि पाणी यांनी
वाटणी झालेल्या भावांसारखं
अर्धा तास समोरासमोर यायचं नाही.

शालन नातवाची चांदीची वाटी काढते,
त्याच्या उष्टावणातली.
गुरगुट्या भात, मुगाचं पाणी, चिमूटभर मीठ.
तो नऊ महिन्यांचा, मी त्रेपन्न वर्षांचा,
दोघांची भूक त्या एका वाटीत मावते.
तो थुंकला की घर हसतं.
मी उठून मोरीकडे गेलो की
शालन नळ सोडते, आवाज झाकायला.

कळ कशी येते सांगू?
बरगडीखाली, डावीकडं,
ओल्या काथ्यानं गाठ मारावी
आणि ती वाळेल तशी आवळत जावी.
मळमळीचं वेगळंच.
काहिलीतला रस उतू जायच्या आधी
कडेकडेनं नुसता फसफसतो,
वर येत नाही, खाली बसत नाही.
गुऱ्हाळात अशा वेळी भेंडीचं पाणी टाकतात.
माझ्यात काय टाकायचं
ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही.
"शरीर शिकेल," म्हणाले.
कुणाकडनं, ते नाही म्हणाले.

तीस वर्षं मी गूळ चाखला.
जिभेवर खडा ठेवला की सांगायचो
ऊस पंचगंगेकाठचा का भोगावतीचा,
चुना किती पडलाय,
गुळव्या जागा होता का डुलकी लागली होती.
चाखता चाखता एकशे बेचाळीस किलो झालो.
नुसत्या गुळानं नाही, खोटं कशाला बोलू.
आता काट्यावर चढलो की इराप्पा हमाल ओरडतो,
"भूपालअण्णा, दोन रवे उतरले!"
तीस किलोचा एक. हिशेब बरोबर आहे.
ते कुणी नेले, पट्टी कुणाच्या नावावर फाडली,
काही पत्ता नाही.

परवा सांगरूळचा एक तरणा पोरगा आला.
बापाच्या माघारी पहिलंच आधण.
तळहातावर खडा धरला,
हात हलत होता.
नाही कसं म्हणायचं?

दहा मिनिटांत घाम.
छातीत हलगी, डोळ्यांपुढं काजवे.
पोत्यांच्या मागं आडवा झालो, डाव्या कुशीवर,
गुडघे पोटाशी.
इराप्पानं रिकामं पोतं अंथरलं,
काही विचारलं नाही,
ओझ्याला हात लावावा तसा
माझ्या पाठीला हात लावून बसला.
पाऊण तास.

तोंड धुऊन आलो. पोरगा तिथंच उभा.
"माल चांगला हाय. चुना जरा जादा."
"आबांचाबी जादाच पडायचा," म्हणाला,
आणि पहिल्यांदा हसला.

आता नखानं खरवडतो, वास घेतो,
टिचकी मारून रव्याचा आवाज ऐकतो.
दहातले आठ बरोबर येतात.
उरलेल्या दोनांसाठी इराप्पाची जीभ उसनी घेतो,
पण तो सगळ्यालाच "ग्वाड हाय" म्हणतो.

रात्री कळ उठली की शालन दिवा लावत नाही.
स्वतः सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेणारी ती
ओव्याचं पाणी चमच्यानं माझ्या ओठाला लावते.
थांबते. अंधारात मोजते.
पुन्हा एक चमचा.
मधेच माझा हात तिच्या तोंडाजवळ जातो.
"नखांत गूळ आहे तुमच्या," म्हणते,
आणि हात तसाच धरून
पुढचा आकडा मोजायला लागते.