लेमस्टर

पाटीवर अक्षरं दहा, म्हणायची सात.
उरलेली नुसती उभी,
आहेर न आणता जेवायला आलेल्यांसारखी.
मी पहिल्या दिवशी सगळ्यांना हाक मारली.
बसवाला म्हणाला, "लेमस्टर, बाई,"
आणि सुटे मोजून दिले.

औषधांच्या दुकानात माझ्या कोटावर बिल्ला: क्षीरसागर.
मिस्टर ग्विलियम रक्तदाबाच्या गोळ्या घेतात,
बिल्ल्याच्या उंबऱ्यावरच ठेचकाळतात,
मग पावसाबद्दल बोलतात.

ऑक्टोबरात त्यांनी काउंटरवर सफरचंदांची पिशवी ठेवली.
"सायडरची आहेत. खाऊ नका."
खाल्लं. जिभेचा कापूस झाला.
मग गूळ, मेथ्या, तिखट घालून
मेथांबा केला,
आंबा सोडून सगळं होतं त्यात.
बरणी परत आली, लखलखीत, रिकामी.
भांडं रिकामं परत करू नये,
हे मी ओठांवरच ठेवलं.
"झोंबलं," म्हणाले. "अजून आहे?"

फेब्रुवारीत नदी कुरणात शिरते.
मेंढ्या चार पावलं वर सरकतात, चरत राहतात.
मी अजून कुकर लावण्याआधी
खिडकी बंद करते.

आज बुधवार, रात्रीचे नऊ.
उद्या काळा डबा की हिरवा?
नगरपालिकेचा कागद सापडत नाही.
अंदाजानं हिरवा ओढत नेला फाटकाशी.
वळले, तर समोरची प्रॉसर बाई
पडदा सारून बघत होती.
थोड्या वेळानं तिचाही हिरवा.
मग कोपऱ्यावरच्यांचा.
खडखड खडखड, अख्ख्या गल्लीभर.

चुकला असेल
तर उद्या सगळ्यांचाच चुकेल.