आधी एक सेकंद

बटण दाबा. मनात एक म्हणा. मग बोला.

दर गुरुवारी रात्री, वाल्पाराइसोच्या अग्निशमन ठाण्यात,
एदुविना कार्कामो हे इतक्यांदा सांगते
की आमच्यातला बेकरीवाला बाल्तासार
बायकोला हाक मारण्याआधीसुद्धा थांबतो म्हणे.

इथे सगळे बिनपगारी.
दिवसा कोणी पाव भाजतं, कोणी दात काढतं,
मी बंदरात कंटेनर मोजतो.

ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी, आपलं नंतर.
ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, जसंच्या तसं.
नुसतं "समजलं" चालणार नाही.
समजलं, म्हणजे काय समजलं?
आणि कोणी "मेडे" म्हटलं
की बाकीच्यांनी मुकाट व्हायचं.
पेटलेल्या घरासमोर तोंड मिटून उभं राहणं
भरल्या पाइपाहून जड असतं.

मी विचारलं, पण तो एक सेकंद कशाला?

तिने कपाटातून जुना वॉकीटॉकी काढला.
पिवळ्या चिकटपट्टीवर कोणाचं तरी अक्षर:
लाउतारो, दोन.

टेकडीवरचं पत्र्याचं घर. वारा समुद्राकडून.
खाली घळीत उभ्या कप्तानाला दिसलं, छप्पर बसतंय.
बटण दाबता दाबताच तो ओरडला,
"नो एन्त्रेन!"
यंत्राला जागं व्हायला अर्धा श्वास लागतो.
तेवढ्यात "नो" गळला.
वर पोचलं नुसतं "एन्त्रेन".
आत जा.

लाउतारोने शिस्तीत परत म्हणून दाखवलं,
आत जातोय.
पण कप्तान अजून ओरडतच होता, अंगठा बटणावर,
आणि बोलत्या यंत्राला ऐकू येत नाही.

पुढचं एदुविना सांगत नाही.
वॉकीटॉकीची जाळी एका कडेने वितळलेली आहे, एवढंच.
जिन्यातल्या फोटोंत एक कप्तान आहे, कार्कामो आडनावाचा.
त्या पायरीवर ती कधी थांबत नाही.

घरी चढताना मी तेच वाक्य
माझ्या भाषेत म्हणून पाहिलं:
आत जाऊ नका.
आमचा नकार शेवटी येतो,
पंगतीला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा.
अंगठा घाईने उचलला
तर उपाशी तोच.

पुढच्या गुरुवारी तिला सांगितलं,
एदुविना, मला दोन सेकंद लागतील.
एक तुमच्या भाषेचा, बोलण्याआधी.
एक माझ्या, बोलून झाल्यावर.

ती हसली नाही.
फळ्यावर खडूने काढलेला एकचा आकडा होता,
कित्येक वर्षं न पुसलेला.
थोडी जागा सोडून
तिने त्याच्यापुढे आणखी एक एक काढला.