दहापर्यंत मोज

पहिल्या दिवशी ओडेट म्हणाली,
हात मांड्यांखाली ठेवून बस.
मला वाटलं थट्टा करतेय.
डुलुथमध्ये जानेवारीत
तसेही सगळे हात मांड्यांखालीच असतात.
ती थट्टा करत नव्हती.
कागद त्यांच्यासमोर, म्हणाली,
पेन्सिल त्यांच्या हातात.
प्रश्न विचारून झाला की मनात दहापर्यंत मोज.
सातला तुला राहवणार नाही.
दहापर्यंत मोज.

मी एकोणीस वर्षांची.
शाळेत शुद्धलेखनाची ढाल दोनदा जिंकलेली.
चुकीचा स्वल्पविराम दिसला
की बोटं शिवशिवतात,
दुसऱ्याच्या कॉलरवरचा दोरा दिसावा तशी.

रॉय पेक्काला आला त्या दिवशी ओडेट रजेवर होती.
वय छप्पन्न. तीस वर्षं
लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवर,
मग गुडघा गेला, म्हणून कॉलेज.
निबंध त्याने चार घड्या घालून आणला,
वाण्याकडे यादी न्यावी तसा.
त्यात होतं:
बोट बंदरात आली.
भाऊ आला नाही.

मी पेन्सिल घेतली.
दोन वाक्यं जोडली,
मध्ये एक 'परंतु' बसवला, पाचर ठोकावी तसा.
भावाच्या आधी 'माझा' घातलं. 'दुर्दैवाने' घातलं.
दोन पानांत एकतीस दुरुस्त्या, अर्ध्या तासात.
तो थँक्यू म्हणाला
आणि टोपी कानांवर ओढून निघून गेला.
त्या संध्याकाळी मी फार खूश होते,
हेही इथे सांगायला हवं.

पुढच्या गुरुवारी तो परत आला.
मार्क चांगले पडले होते.
कागद मात्र त्याने टेबलावर पालथा ठेवला.
घरी मोठ्याने वाचून दाखवला, म्हणाला,
आयलीन भांडी विसळत होती,
तिने नळ बंद केला आणि विचारलं,
कोण बोलतंय हे?

रागावला असता तर बरं झालं असतं.
तो नुसता सांगत होता, हवामान सांगावं तसं:
तो परंतु तुझा आहे.
आमच्याकडे त्या दिवशी परंतु नव्हता.
बोट आली. तो नाही आला.

मी हात मांड्यांखाली घातले.
रेडिएटर आतून ठोकत होता.
खिडकीबाहेर तळ्यावर थंडीची वाफ उभी होती
(पलीकडचा काठ दिसत नाही,
तरी इथे सगळे त्याला तळंच म्हणतात).
मी विचारलं, मग मध्ये काय होतं?

एक, दोन.
चारला त्याने नाक ओढलं.
सातला खरंच राहवेना,
'शांतता' हा शब्द जिभेवर आलेला,
पानात वाढायला उचललेल्या पळीसारखा.
गिळला.
नऊ.

आई होती धक्क्यावर, तो म्हणाला.
दोन डबे घेऊन.

मी म्हटलं, हे कागदावर नाहीये.
नाहीये, तो म्हणाला,
गावभर शोधलेली किल्ली
आपल्याच खिशात लागावी तसा.
मग लिहायला लागला,
एकेक अक्षर दोराला गाठ मारावी तसं, ओढून बघत.
'डबे' चुकीचं लिहिलं.
मी त्या शब्दाकडे बघत राहिले, तो माझ्याकडे.
तिथेच सोडला त्याला मी, तसाच.
बरोबर केलं की नाही, अजून कळत नाही.

ओडेटला सगळं सांगितलं.
ती म्हणाली, हं.
तिचा हं सुद्धा दहापर्यंत मोजून येतो.

रात्री खोलीवर माझाच निबंध काढला,
सोमवारी द्यायचा होता.
परंतु मोजले. अकरा.
मोठ्याने वाचला. पलीकडच्या पलंगावर
ब्रिटाने कानातले इअरफोन काढले नाहीत.
तीन परंतु खोडले.
राहिलेल्या आठांतले माझे कुठले,
ढाल देणाऱ्या बाईंचे कुठले,
समोर बसून विचारणारं कुणी नव्हतं.
पेन्सिल माझ्याच हातात.
सात.
आठ.