निवडणं

तीनशे साठ अंशांवर एक तास.
त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत फुमिनो कुरामोची एकटीच
रात्र राखत बसलीय,
राख उरू नये म्हणून.

पोलादी भांड्याच्या पोटात कुटलेला कोळसा
आणि डांबरगोळ्यांच्या वासाचं तेल.
तो वास हातमोज्यांतून शिरतो, उशीपर्यंत येतो.
नवरा झोपेत विचारतो,
हिवाळी कपड्यांची पेटी उघडलीस का?

काटा स्थिरावला की झडप.
तेल दाबाखाली जाळीतून उतरतं
आणि कोळसा विरघळून त्याच्यासोबत निघून जातो.
दगडी कोळशातला दगड तेवढा मागे राहतो :
करड्या चिखलाचा पापुद्रा,
माणूस नव्हता तेव्हा
कुठल्याशा पुराने दलदलीत आणून टाकलेला.

आई युबारीला होती, पट्ट्यावर.
बापे खाली, बाया वर.
डोक्याला रुमाल, पुढ्यातून वाहणारा काळा ओघ,
त्यातले दगड वेचायचे
तांदळातले खडे वेचावेत तसे,
फक्त तांदूळ काळे, खडेही काळेच,
आणि पट्टा कुणासाठी थांबत नसे.
हाताला कळतं, म्हणायची. डोळ्यांना नाही. दगड जड असतो.
त्या वेचलेल्या दगडांचा चाळीमागे डोंगर झाला.
खाण बंद पडली. डोंगरावर आता भूर्जाची झाडं आहेत.

सकाळी एक ग्रॅम मुशीत घालून भट्टीत जाळलं, आठशे पंधरा अंशांवर.
मूळ कोळशाची नव्वद मिलिग्रॅम राख उरली होती, फिकट विटकरी.
ही मूस रिकामीच दिसते.
तराजू म्हणतो, नाही, आहे :
शून्य पूर्णांक दोन.
फुमिनोने तीनदा तोलून पाहिलं, श्वास धरून.
मग वहीत लिहिलं, आणि हात धुतले,
वास गेला नाही.

रविवारी त्सुचिउराच्या वृद्धाश्रमात
आई ताटात अझुकीचे दाणे निवडत होती.
तिला तेच काम देतात, शांत बसते.
आई, दहा हजारांत दोनच उरले, फुमिनो म्हणाली,
कोळशातले दगड. दहा हजारांत दोन.
आईने मान वर केली नाही.
पट्टा केवढ्या वेगाने चालतो तुमचा?
पट्टा नाही गं, तेल असतं, गरम.
हं.

बऱ्याच वेळाने तिने एक दाणा उचलला,
लेकीच्या तळहातावर ठेवला.
चांगला होता. लाल, टपोरा, कुठेही किडका नाही.
टाक तो, आई म्हणाली,
जड आहे बघ.